ऑटोमॅटिक पिकअप: सकाळी डी टाकली की थांबते, घाटात नुसती रेस घेते. गिअरबॉक्स उघडू का?

टर्किश_टॉवेल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे आठ माग आहेत, टेरी टॉवेलचे. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून एक सेकंडहँड डबल कॅब पिकअप घेतली. डिझेल, सहा गिअरांची ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा 'ती गाडीच भंगार' यावर जाईल. मीटरवर आज १,७२,००० किमी आहेत. ऑटोमॅटिकच का, तर माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. क्लच दाबवत नाही.

दुखणी तीन आहेत. सकाळी पहिल्यांदा डी (पुढं जायचा गिअर) टाकली की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. मग मागून कुणी लाथ घातल्यासारखा झटका बसतो आणि गाडी निघते. एकदा निघाली की दिवसभर तसं फारसं होत नाही.

दुसरं, हैदराबाद रोडला सत्तर-पंच्याहत्तरच्या स्पीडला पाय हलका ठेवला की गाडी थरथरते. टोलनाक्याआधी रस्त्यावर आडवे पट्टे असतात ना, त्यावरून गेल्यासारखी. चार-पाच सेकंद. पाय जोरात दिला की बंद.

तिसरं खरं भीतीचं. गेल्या आठवड्यात हौद्यात टॉवेलचे गठ्ठे घेऊन तुळजापूरकडे निघालो. घाटात इंजिनाच्या रेसचा काटा ३५०० वर गेला, पण गाडी तीसच्या पुढे जाईना. वर पोचता पोचता गिअरबॉक्सचं ऑइल तापल्याचा दिवा लागला. गाडी बाजूला घेतली, अर्धा तास थांबलो, मग निघाली.

एका गॅरेजला दाखवली. त्यांनी चौकापर्यंत एक चक्कर मारली आणि सांगितलं, "गिअरबॉक्स गेला. उतरवून पुण्याला पाठवू, पावणेदोन लाख धरून चला." ना स्कॅनर लावला, ना गाडीखाली वाकून बघितलं. पावणेदोन लाखांत मी सेकंडहँड माग घेतो. काय करू?

डाळिंबवाला_सांगोला

आवं दादा, म्हणून मी म्हंतो मॅन्युअल घ्यावी. क्लच गेला तर गावातला फिटर बी दुपारपातूर प्लेट बदलून देतोय. हितं ऑटोमॅटिकचा एक पाना फिरवायला पुण्याला जायचं. काढून टाका.

टर्किश_टॉवेल

दादा, गुडघ्याचं वाचलं नाही का?

डाळिंबवाला_सांगोला

आता वाचलं. मग काढू नका. 🙏

जुना_फिटर

मी आखातात सतरा वर्षं पिकअपचं काम केलं. तिकडं बहुतेक गाड्या ऑटोमॅटिकच. आता सोलापुरातच, निवृत्त. 'गिअरबॉक्स गेला' हे निदान नव्हे, ते दमल्याचं लक्षण आहे. गाडीचं नव्हे, गॅरेजवाल्याचं.

आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या.

ऑइल शेवटचं कधी बदललं, कुणी, किती लिटर आणि कुठलं? रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग दिसतो का? आर (रिव्हर्स) मधून डी मध्ये टाकताना खालून 'खट्ट' असा लोखंडी आवाज येतो का? मागची दोन्ही टायरं एकाच मापाची आणि सारखी झिजलेली आहेत का? गाडी उभी असते त्या जागी ऑइलचा डाग पडतो का?

ही उत्तरं येईपर्यंत घाट बंद. लोड बंद. आणि ती पुण्याला न्यायची वेळ आलीच तर फ्लॅटबेडवर न्या. मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. इंजिन बंद तर गिअरबॉक्सचा पंप बंद, आतले भाग कोरडे फिरतात. धडधाकट बॉक्स ओढून नेताना मेलेले मी पाहिलेत.

भुसावळ_पॅसेंजर

उतारावर एन (न्यूट्रल) मध्ये टाकत जा, डिझेल वाचतं आणि गिअरबॉक्सला आराम मिळतो. माझा अनुभव.

जुना_फिटर

तो अनुभव तुमच्याजवळच ठेवा. आजकालचं डिझेल इंजिन उतारावर गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन जवळपास बंदच करतं, एन मध्ये मात्र आयडलचं डिझेल जळत राहतं. इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो. तुळजापूर घाट लोड घेऊन एन मध्ये उतरणाऱ्याच्या मागं मला गाडी चालवायची नाही.

टर्किश_टॉवेल

फिटरकाका, उत्तरं देतो.

पाण्यात तवंग नाही, स्वच्छ हिरवं आहे. खट्ट आवाज येतो, पण बारीक. मागची टायरं एकाच मापाची आहेत, डावं वर्षभरापूर्वी बदललंय, उजवं जुनं. डाग पडत नाही.

ऑइल गेल्या मे महिन्यात बदललं. वेगळं गॅरेज, नाव सांगत नाही. बिलावर नुसतं 'एटीएफ ६ लि.' (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) एवढंच आहे.

ओहायो_सोलापूर

सात रस्त्याजवळ वाढलो, आता ओहायोत आहे. माझ्याकडे एक वीस वर्षांचा पिकअप आहे, चार गिअरांचा. त्याला डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) आहे ही मोठी सोय. हल्लीच्या गाड्यांतून ती काढूनच टाकलीय.

तुमची ती थरथर मला ओळखीची वाटते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक लॉक-अप क्लच असतो. एरवी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेलाचाच दुवा असतो, पण एका ठरावीक स्पीडला हा क्लच पकडतो आणि दोघांना एक करतो. म्हणजे तेवढी रेस वाया जात नाही. ऑइलमधले घर्षण सांभाळणारे घटक संपले किंवा ऑइलच चुकीचं असलं, की हा क्लच धड पकडतही नाही आणि धड सोडतही नाही. पकड-सोड, पकड-सोड. तीच थरथर.

तपासायची सोपी रीत सांगतो. मोकळ्या रस्त्यावर थरथर सुरू झाली की उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करा, मागचा लाल दिवा लागेल इतकाच. ब्रेकचा सिग्नल मिळाला की लॉक-अप सुटतो. रेस दोनेकशेनं वाढली आणि थरथर गायब झाली तर लॉक-अप. तशीच राहिली तर इंजिनाचं मिसिंग, टायर किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) बघायचा.

अवांतर: पूर्वी अमेरिकेत ऑटोमॅटिकच्या ऑइलमध्ये हे घर्षण सांभाळायला स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल घालायचे! १९७० च्या दशकात त्या तेलावर बंदी आली, तेव्हा कंपन्यांना नवी रसायनं शोधावी लागली. पहिली गाजलेली ऑटोमॅटिक १९४० च्या ओल्डस्मोबिलमध्ये आली.

डाळिंबवाला_सांगोला

देवमासा? माझ्या ट्रॅक्टरला एरंडेल घातलं तर चालंल का मग. 😀

ईसीयू_ताई

ओहायोदादांची रीत बरोबर आहे, पण एक सावधानता. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक पेडलच्या गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबलेले दिसले की काही वेळा इंजिन स्वतःच पॉवर कापतं. मग थरथर थांबली ती कशामुळे हे कळत नाही. शिवाय धागाकर्त्यांचा डावा गुडघा! हा प्रयोग दुसऱ्या कुणाला करू द्या, आणि मागून गाडी येत नसतानाच.

त्याहून बरं म्हणजे स्कॅनर. मी पुण्यात हेच काम करते. हजार-बाराशेचा ब्लूटूथ अडॅप्टर लावून मोबाइलवर बघणारे बरेच असतात, पण तो बहुधा इंजिनाशीच बोलतो. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरपर्यंत पोचत नाही. त्यात पी०७०० हा बिघाडाचा कोड दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की 'गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी तक्रार आहे, तिकडं जाऊन विचारा'. खरा कोड आत असतो. पी०७४१ म्हणजे लॉक-अप नीट लागत नाही. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, थोडक्यात कुठंतरी स्लिप आहे. पी०२१८ म्हणजे ऑइल तापलं होतं. तुमचा दिवा लागला होता, म्हणजे हा शेवटचा तरी सापडायला हवा.

कोडपेक्षा मला चालू गाडीतले आकडे जास्त आवडतात. तीन बघा: इंजिनाची रेस, टर्बाइनची म्हणजे गिअरबॉक्सच्या आत शिरणाऱ्या शाफ्टची रेस, आणि ऑइलचं तापमान. लॉक-अप लागल्यावर पहिल्या दोन आकड्यांतला फरक शून्याच्या आसपास स्थिर राहतो. थरथरताना तो वरखाली नाचत असेल तर ओहायोदादा जिंकले.

आणि कृपया कोड पुसून मग गाडी आणू नका. लोक आंघोळ घालून पेशंट आणतात तसं असतं ते.

भुसावळ_पॅसेंजर

स्टॉल टेस्ट करा. ब्रेक गच्च दाबून डी मध्ये फुल रेस. लगेच कळतं.

जुना_फिटर

नका करू. स्टॉल टेस्ट ही टेस्ट खरी आहे. रेस पुस्तकातल्या आकड्यापेक्षा वर गेली तर क्लच घसरतायत, फार खाली राहिली तर इंजिन कमजोर किंवा कन्व्हर्टरचा आतला भाग खराब. पण ती पाच सेकंदांवर जाता कामा नये, आणि ऑइलची लेव्हल पक्की माहीत असल्याशिवाय तर मुळीच करायची नाही. कमी ऑइलवर केली तर जे क्लच अजून जिवंत आहेत तेही जळतील.

टॉवेलशेठ, आता नीट आठवून सांगा. गेल्या मे मध्ये ऑइल बदललं तेव्हा दिवसाची वेळ कुठली होती? आणि खालचा बोल्ट उघडून लेव्हल बघितली तेव्हा इंजिन चालू होतं की बंद?

टर्किश_टॉवेल

दुपारची वेळ, दोन-अडीच असतील. मी कारखान्यातून थेट गाडी घेऊन गेलो होतो आणि त्यांनी लगेच लिफ्टवर घेतली. ऊन इतकं होतं की समोरच्या गाड्यावरून उसाचा रस आणून पीत बसलो होतो. इंजिन बंदच असणार, कारण पोरगा माझ्याशी गप्पा मारत काम करत होता आणि मला सगळं ऐकू येत होतं. भरून झाल्यावर खालचा बोल्ट उघडला, बरंच लाल ऑइल बाहेर आलं. तो म्हणाला, "जास्त झालं होतं, काढून टाकलं." मला तेव्हा प्रामाणिकपणाच वाटला.

जुना_फिटर

झालं. माझी पैज लेव्हलवर.

सगळ्यांनीच वाचा, कारण ही चूक मी शंभरदा पाहिलीय. डिपस्टिक नसलेल्या बहुतेक बॉक्समध्ये चेंबरला (खालच्या ऑइलच्या भांड्याला) एक लेव्हलचा बोल्ट असतो, त्याच्या आत उभी नळी असते. नळीच्या तोंडापर्यंत ऑइल असलं की लेव्हल बरोबर. पण कधी? इंजिन चालू असताना, गाडी सपाट असताना, आणि ऑइल ठरावीक तापमानाला असताना. बऱ्याच गाड्यांत हे साधारण ३५ ते ४५ अंशांच्या मधे कुठंतरी असतं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा.

इंजिन बंद केलं की पंप थांबतो, वरचं ऑइल खाली चेंबरात उतरतं. लेव्हल खोटीच वर दिसते. बोल्ट उघडला की ते 'जादा' ऑइल बाहेर पडतं, पण ते जादा नसतंच. वर ऑइल तापलेलं, म्हणजे फुगलेलं. त्यानं आणखी थोडं जातं. मग गाडी सुरू केली की बॉक्स लिटर-सव्वा लिटर उपाशी.

उपाशी बॉक्सची लक्षणं म्हणजे तुमची यादीच. सकाळी पंपाला प्रेशर बांधायला वेळ लागतो, म्हणून डी ला उशीर आणि मग झटका. घाटात गाडी तिरकी झाली की ऑइल चेंबरच्या एका बाजूला पळतं, फिल्टरचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो. प्रेशर पडलं की क्लच घसरतात, घसरले की तापतात.

आता सोलापूरची गंमत बघा. मे मध्ये दुपारी आपल्याकडं ४२-४३ सावलीत. गाडी सुरू करायच्या आधीच ऑइल त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला! बोल्ट उघडेपर्यंत पुढं निघून जातं. म्हणून आपल्याकडं उन्हाळ्यात हे काम पहाटे करायचं. रात्रभर उभी गाडी, पाच वाजता. मी येतो, माझ्याकडं तापमान बघायचा स्कॅनर आहे. कारखान्यात खड्डा आहे का?

टर्किश_टॉवेल

खड्डा नाही, पण ट्रक लोडिंगचे दोन उंच कठडे आहेत, समोरासमोर, समान उंचीचे. चालेल?

जुना_फिटर

गाडी कठड्यावर चढवायला बघू नका! चारी चाकांजवळ चासीखाली घोड्या (स्टँड) लावू, सपाट. चार घोड्या, दोन जॅक आणि ब्लँकेट आणा. पाठ माझी पण जुनी आहे.

ईसीयू_ताई

काका, तिथली भेट ऑनलाइन दाखवाल का? 😀 आणि ऑइल कुठलं घालणार ते आधी ठरवा. बिलावर फक्त 'एटीएफ' लिहिलंय याचीच मला जास्त धास्ती आहे. लाल दिसतं ते सगळं एक नसतं. पॉवर स्टिअरिंगला चालणारं जुन्या धाटणीचं डेक्स्रॉन-३ आणि सहा गिअरांच्या बॉक्सचं पातळ ऑइल वेगळं. मॅन्युअलमध्ये जे नाव असेल तेच, बाकी दुकानदार काय म्हणतो ते सोडा.

टर्किश_टॉवेल

अपडेट. काल पहाटे फिटरकाका आले. माझा पुतण्या, मी आणि आमचा रात्रपाळीचा जॉबर. घोड्या लावल्या, पाण्याची लेव्हल-नळी लावून गाडी सपाट आहे का ते काकांनी स्वतः बघितलं. स्कॅनरवर ऑइल २८ अंश. इंजिन सुरू केलं, ब्रेकवर पाय ठेवून पी-आर-एन-डी असं प्रत्येकात चार-पाच सेकंद फिरवलं, परत पी (पार्किंग). दहा-बारा मिनिटांत ४० वर आलं. काकांनी बोल्ट उघडला.

एक थेंब आला नाही.

मग वरून भरायला सुरुवात केली. अर्धा लिटर, काही नाही. एक लिटर, काही नाही. १.४ लिटरला नळीतून बारीक धार सुरू झाली आणि मग थेंब थेंब. बोल्ट बंद. बाजूला माग चालू होते तरी मला त्या वेळी फक्त तो टपटप आवाज ऐकू येत होता.

काकांनी बाहेर आलेले थेंब पांढऱ्या टॉवेलवर घेतले (कारखाना टॉवेलचाच, कमी काय). रंग तपकिरी, वास थोडा करपट, पण काळं नाही आणि त्यात कण नाहीत. काका म्हणाले, गुलाबी दुधासारखं असतं तर रेडिएटरमधून पाणी शिरलंय असं समजून मी तुझ्याबरोबर रडलो असतो.

आणखी एक सापडलं. रेडिएटरच्या पुढं गिअरबॉक्सचा छोटा कूलर आहे. त्यावर टॉवेलच्या तुसाचा जाड पापुद्रा! गाडी तीन वर्षं शेडच्या दारात उभी असते, पंखे तूस बाहेर फेकतात, आणि तो थेट जाळीत. काकांनी साध्या पाइपनं आतून बाहेरच्या बाजूला पाणी मारून साफ केला. प्रेशर वॉशर लावू दिला नाही, पात्या वाकतात म्हणून.

खट्ट आवाज प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) निघाला. हातानं हलवला तर खेळ जाणवतो. गिअरबॉक्सचा काही संबंध नाही.

आज सकाळी डी टाकली. लगेच पकडला. झटका नाही.

डाळिंबवाला_सांगोला

१.४ लिटर!! पावणेदोन लाख वाचलं की ओ.

जुना_फिटर

अजून वाचले म्हणू नका. घाटात ते क्लच उपाशी घासलेत, किती घासलेत ते बाहेरून दिसत नाही. आणि ती सत्तरची थरथर?

टर्किश_टॉवेल

आहे. कमी झालीय, पण आहे. पुतण्यानं डाव्या पायानं ब्रेकची रीत केली. रेस १६५० वरून १९०० च्या आसपास गेली, थरथर गेली. ओहायोदादा जिंकले बहुतेक.

ओहायो_सोलापूर

बक्षीस म्हणून शेंगाचटणी पाठवा. कुरिअर कस्टममध्ये अडकलं तरी चालेल, वास तरी येईल. 😀

ऑइल बदलायचं तर एकदम फ्लश मशीन (सगळं ऑइल एका दमात बदलणारं) लावू नका असं माझं मत. बोल्टातून काढलं की एका वेळी एकूण ऑइलच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काढा-भरा, थोडं चालवा, पुन्हा काढा-भरा.

ईसीयू_ताई

फ्लशबद्दल मी थोडी असहमत. मशीन वाईट नाही, मशीन चालवणारा वाईट असू शकतो. पण आतलं ऑइल कुठलं आहे हेच माहीत नसताना आणि तेही करपलेलं असताना काढा-भराच बरं. पहिल्या वेळी चेंबर खाली घ्या, फिल्टर बदला, चेंबरातलं लोखंडाचे कण पकडणारं मॅग्नेट बघा. राखाडी मऊ लेप असेल तर तो नेहमीचा झिजेचा. बोटाला टोचणारे तुकडे किंवा पितळी चमक दिसली तर मग पुण्याची तयारी.

ऑइल बदलल्यावर कंट्रोलरचं शिकलेलं पुसून नव्यानं शिकवायला सांगा, गाडीत ती सोय असेल तर.

टर्किश_टॉवेल

अपडेट २. मॅन्युअलमधल्या नावाचंच ऑइल मागवलं. चेंबर खाली घेतला, फिल्टर नवा, पॅकिंग नवं. मॅग्नेटवर राखाडी लेप, बोटानं पुसला तर शाईसारखा पसरला. टोचलं काही नाही. लेव्हल पुन्हा पहाटेच. सहाशे किमी चालवून दुसऱ्यांदा काढा-भरा केलं, दुसऱ्या वेळी निघालेलं ऑइल बरंच लाल होतं. क्रॉस बदलला. मागची दोन्ही टायरं जोडीनं बदलली.

परवा अर्ध्या लोडवर तुळजापूरला गेलो. ताईंच्या सांगण्याप्रमाणे पुतण्या स्कॅनर घेऊन शेजारी. घाटात ऑइल ९७ च्या वर गेलं नाही. काटा २६०० ला गेला की गाडीही पुढं जात होती. वर पोचल्यावर पहिल्यांदा आईचं दर्शन मोकळ्या मनानं घेतलं.

थरथर आठवड्यात एखाद्या वेळी, ७२ च्या आसपास, एक-दीड सेकंद. जुना पी०२१८ तेवढा सापडला होता, पुसल्यावर परत आला नाही. पी०७४१ नाही.

ईसीयू_ताई

तेवढ्यावर कन्व्हर्टर काढू नका. लॉक-अपचा फरक महिन्यातून एकदा बघा. नाचणं वाढलं तर विचार करू.

जुना_फिटर

बिलं आणि रिकामे डबे जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी 'लाल ऑइल' म्हणणार नाही. आणि गाडी शेडच्या दारात लावू नका आता तरी.

टर्किश_टॉवेल

लिंबाखाली लावतोय. चिमण्या घाण करतात, पण तूस नाही. पुढच्या आठवड्यात हैदराबादची खेप आहे, लोड पूर्ण. आल्यावर ७२ च्या थरथरीचं लिहितो.

डाळिंबवाला_सांगोला

येताना उस्मानिया बिस्किटं आणा. आणि फिटरकाका, आमच्या टेम्पोचा क्लच जळाल्याचा वास येतोय चार दिवस. नवा धागा काढू का हितंच इचारू?